मावशीचा ळ

“शुभ प्रभात, वृषाली मुले जी. आपका फोन अपडेट हो गया है.”

मी फोन कानापासून लांब धरला आणि परत कानाला लावला. वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचा उचलला. पण मागच्या कोपऱ्यावरचा टवका बोटाला लागला. फोन माझाच होता, आतली बाई परकी होती.

“आई, माझ्या फोनला कुणी हात लावला?”

“कोण लावणार बाई? हॉलमध्येच होता की चार्जिंगला,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“दादा!”

“काय बोंबलतेस सकाळी सकाळी?” दादा बेसिनपाशी दाढी करत होता. “आपोआप झालं असेल. हल्ली अपडेट आपोआपच होतात.”

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नंदकिशोर. त्या फोनच्या कंपनीचं सांगलीतलं अधिकृत सर्व्हिस सेंटर तोच चालवायचा. त्यामुळे आमच्या घरात फोनचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्याचा. आपोआप झालं म्हणाला, म्हणजे आपोआप झालं.

मी जन्मापासून आंधळी आहे. अंध म्हणा, दृष्टिहीन म्हणा, दिव्यांग म्हणा, मला फरक पडत नाही. मी स्वतः आंधळीच म्हणते, कारण त्यात ळ आहे. या ळपायी त्या आठवड्यात काय काय झालं ते सांगते, मग तुम्हालाही पटेल.

आमच्यासारख्यांचा फोन बोलतो. पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथे जे लिहिलेलं असेल ते वाचून दाखवतो. पुण्यातल्या चार-पाच जणांनी मिळून त्यासाठी एक मराठी आवाज बनवला होता. पन्नाशीच्या बाईचा, किंचित घोगरा, जरा कुरकुऱ्या. आमच्या अंधशाळेच्या वसतिगृहात सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. “मावशीला विचार.” “मावशी वाचतेय, गप्प बसा.” मावशीचा ळ असा होता की तिची जीभ टाळूला लागलेली ऐकू यायची. मावशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मला आलेलं पत्र माझ्याआधी दुसऱ्या कुणी वाचलेलं नव्हतं. हे सुख डोळसांना समजायचं नाही.

नव्या अपडेटमध्ये मावशीला जागाच नव्हती. तिच्या जागी आयत्या बिळावर नागोबा व्हावा तशी कंपनीची ही हिंदी बाई येऊन बसली होती. मी तिचं नाव तिथल्या तिथे भाभीजी ठेवलं. भाभीजी मराठी वाचायची, पण तिला ळ म्हणून काही असतं हेच ठाऊक नव्हतं. केळी केली, शाळा शाला, आणि मी मुळे होते ती मुले झाले. शेजारच्या काकूंच्या मूळव्याधीचा निरोप तिने ‘मूलव्याध’ असा वाचला तेव्हा मी हसलेसुद्धा. तेवढंच एकदा हसले.

कारण पुढच्या सोमवारी मला मंगळवेढ्याला एका शाळेत रुजू व्हायचं होतं, मराठीची शिक्षिका म्हणून. एम.ए., बी.एड. होऊनही ‘फळ्यावर कशा लिहिणार?’ या एकाच प्रश्नावर जागोजागी नारळ मिळाला होता. ही पहिली शाळा जिने तो प्रश्न विचारला नाही. राहायला शाळेच्याच आवारात खोली. घराबाहेर, एकटी, माझी मी.

अपडेट झालं त्याच दिवशी मुख्याध्यापक बिराजदार सरांचा निरोप आला. मूळ कागदपत्रं घेऊन या, असा. भाभीजीने ‘मूल’ वाचलं, मी समजून घेतलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. आम्ही लिहितो ते असं: अक्षरांवरून बोट फिरवायचं, बोटाखाली येईल ते अक्षर फोन उच्चारतो, हवं ते आलं की बोट उचलायचं. भाभीजीच्या तोंडी ल म्हणजेही ल आणि ळ म्हणजेही ल. मला वाटलं, येतंय तेच बरोबर. पाठवून दिलं.

सरांचं उत्तर आलं. भाभीजीने वाचलं, “मैडम, सकाली, शालेची वेल कलवावी, असं आपण लिहिलंय. आपण मराठीच्याच शिक्षिका ना?”

मी तेच तर लिहिलं होतं. यात चुकलं काय, ते मला भाभीजीकडून चार वेळा वाचून घेऊनही कळेना. शेवटी दादासमोर फोन धरला.

दादा मोठ्याने हसला. “‘सोमवारी सकाली येते. शालेची वेल कलवावी.’ अगं, सगळीकडे ल लिहिलायस की! शालेची वेल! मोगऱ्याची की जाईची?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसाने मला न बघता, नुसतं ऐकून नोकरी दिली, त्याला मी पाठवलेली पहिली ओळ ही. मराठीची बाई आणि तिला ळ येत नाही! दादाचं हसू थांबत नव्हतं आणि आईही आतून त्याला साथ देत होती.

“हसू नकोस. मला मावशी परत आणून दे,” मी म्हटलं.

“मागे जाता येत नाही. कंपनीचा रस्ता पुढेच जातो,” तो सर्व्हिस सेंटरच्या आवाजात म्हणाला. गिऱ्हाइकांशी बोलतानाचा हा त्याचा वेगळा आवाज आहे, मऊ आणि चिकट. “पुढच्या अपडेटमध्ये कंपनी मराठी देणारच आहे. थांब थोडी.”

“पुढचं अपडेट कधी?”

“येईल की.”

“सोमवारच्या आत येईल?”

“सोमवारचं काय घेऊन बसलीस? सरांशी मी बोलतो. अडचण सांगतो. फार तर पुढच्या वर्षी बघू.”

“सोमवारी मी गेले नाही तर मंगळवारी ते यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार आहेत. त्यांनी सांगितलंय तसं.”

“मग नसेल नशिबात. आणि हे बघ, ते कस्टम रॉमचं खूळ डोक्यात घेऊ नकोस. कोण कुठला माणूस घरात बसून सॉफ्टवेअर बनवतो आणि लोक फोनमधलं कंपनीचं काढून ते घालतात. फोन डेड होतो. वॉरंटी जाते. असले मेलेले फोन रोज येतात माझ्याकडे.”

“मग मी वाचायचं कसं?”

“मी आहे ना,” दादा म्हणाला. “आधी मीच वाचायचो ना तुला?”

खरंच होतं ते. एम.ए.ची सगळी पुस्तकं दादाने मला वाचून दाखवली होती. कामावरून दमून यायचा, जेवायचा आणि पुस्तक उघडून बसायचा. एका अक्षराची टाळाटाळ केली नाही कधी. ते सगळं वाचन मी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. मंगळवेढ्याला शिकवतानाही तेच ऐकून तयारी करायची, असं ठरवलं होतं. म्हणूनच त्याच्या तोंडावर मला फार बोलता येईना. राग गिळला आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून रझियाकडे गेले.

रझिया मुजावर माझी वसतिगृहातली मैत्रीण. तिला थोडं दिसतं. जाड भिंगाचा चष्मा लावून, नाक पडद्याला टेकवून ती वाचते. आमच्याच अंधशाळेत ती आता संगणक शिकवत होती आणि तिची जीभ अख्ख्या मिरजेत प्रसिद्ध होती.

“या मुळे, या!” तिने दारातूनच हाक मारली. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं आडनाव धड घेतलं. “काय तोंड करून आलीस? लग्न ठरलं की काय?”

मी सगळं सांगितलं. तिने फोन हातात घेतला, नाकाशी धरला आणि एक शिवी हासडली. ती इथे लिहीत नाही.

“दोन वाटा आहेत,” ती म्हणाली. “एक अधिकृत. कंपनी देईल तेव्हा देईल, तोवर ‘शालेची वेल’ लाव दारात. दुसरी, मी हा फ्लॅश करते. म्हणजे कंपनीचं सगळं खरवडून काढायचं आणि त्याजागी दुसऱ्यांनी बनवलेलं घालायचं, जुन्या आवृत्तीवरचं. त्यात मावशी चालते, मी माझ्या फोनवर करून बघितलंय. पण नंतर बोंबलायचं नाही. वॉरंटी जाईल. बँकेचं ॲप चालणार नाही, बँकेत पायाने जायचं. आणि मधेच वीज गेली, केबल हलली, तर फोन दगड.”

“दुसरा नवा फोन घेतला तर?”

“त्यातही भाभीजीच निघणार. नव्या सगळ्यांत तीच आवृत्ती आहे.”

दगड झाला तर सोमवारी हातात भाभीजीसुद्धा नसणार होती. रझियाच्या खोलीतला पंखा टकटक करत होता.

“कर,” मी म्हटलं.

“आणि एक. फोनमधलं सगळं पुसलं जाणार. काय ठेवायचंय?”

“दादाने वाचलेली पुस्तकं. बाकी काही नको.”

“मग आधी ती संगणकावर उतरवून घेते. बरंच आहे गं हे! दोन वर्षं वाचत होता की काय?” तिने केबल लावली. “वेळ लागेल. चहा टाकते.”

ती चहा टाकता टाकता बोलत होती. रझियाला चहा आणि बडबड एकत्रच येतात.

“पण मला एक कळत नाही मुळे, तू अपडेट केलंसच कशाला?”

“मी कुठे केलं? आपोआप झालं.”

“कुणी सांगितलं आपोआप? या कंपनीचं अपडेट पिन टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. शाळेतली पोरं माझं डोकं खातात त्यापायी.”

माझा पिन मला ठाऊक होता. आणि फोन पहिल्यांदा चालू करून देताना ज्याने तो टाकला होता त्याला.

“आणि सगळ्यांना सांगून झालं होतं की, हे अपडेट घेऊ नका म्हणून,” रझिया पुढे बोलतच होती. “मावशी जाते, मागे येता येत नाही. मी एकेका पोराला फोन करून सांगितलं.”

“मला नाही सांगितलंस.”

“तुला काय सांगायचं? तुझ्या घरातलाच माणूस!”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? नंदूदादाच आला होता ना शाळेत. महिना झाला असेल. केवढं बरं वाटलं गं आम्हाला. मुख्याध्यापकांसमोर उभं राहून सांगितलं त्याने, नवं अपडेट आमच्या सेंटरमध्ये आल्यावर माझ्या लक्षात आलं, त्याने तुमच्या मुलांची वाचा जाईल, कुणाला घेऊ देऊ नका. आम्ही टाळ्या वाजवल्या त्याला.” पातेल्यात ढवळणारा चमचा थांबला. “मुळे? तुला माहीत नव्हतं?”

दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्या घरात दिवा होता, तो शाळेत जाऊन उजेड पाडून आला होता, टाळ्या घेऊन आला होता. आणि घरी येऊन, मी झोपलेली असताना, त्याने माझा फोन हातात घेतला होता, पिन टाकला होता आणि माझी वाचा काढून घेतली होती. मग सकाळी बेसिनपाशी उभा राहून ‘आपोआप झालं’ म्हणाला होता, आणि नंतर ‘शालेची वेल’ म्हणून हसला होता.

मला रडू आलं नाही. इतका राग आला होता की रडायला आत जागाच नव्हती.

“किती उतरलंय?” मी विचारलं.

“अर्ध्याला आलंय. थांब, चहा घे.”

“थांबव ते.”

“काय?”

“त्याचं वाचन. उतरवू नकोस. उतरलंय तेही काढून टाक. पुस सगळं.”

“मुळे, वेडी आहेस का? दोन वर्षांचं वाचन आहे. असा आवाज परत...”

“पुस म्हणते ना!”

रझिया काही बोलली नाही. हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडतं. मग तिच्या बोटांखालच्या कळा वाजायला लागल्या आणि फोन मुका झाला.

फ्लॅश होताना फोन बोलत नाही. डोळस माणसाला पडद्यावर काहीतरी पुढे सरकताना दिसतं. मला काहीच नाही. माझ्या हातात एक गरम होत जाणारा चौकोन होता आणि मी तो हलू न देता धरून बसले होते. चहा गार झाला. मधेच फोन एकदा थरथरला आणि पुन्हा निपचित पडला. रझिया पुटपुटली, “या अल्ला, दगड नको करूस.” मीही माझ्या देवाला तेच सांगितलं. त्याच्याशी माझं फारसं जमत नाही, तरी सांगितलं.

मग तिने फोन माझ्या हातातून घेतला, बराच वेळ काहीतरी केलं आणि परत दिला. “बोट टेकव.”

मी टेकवलं.

“मुळे,” मावशी म्हणाली.

घोगरी, कुरकुरी, जीभ टाळूला लागलेली. रझियाने पडद्यावर नुसतं माझं आडनाव लिहून ठेवलं होतं. मी पुन्हा बोट टेकवलं. “मुळे.” आणखी एकदा. “मुळे.” तेव्हा मात्र मी रडले, आणि रझियाने माझ्या पाठीत धपका घालून चहा परत गरम केला.

घरी गेले तेव्हा दादा जेवायला बसला होता. आई वाढत होती. मी चप्पल न काढताच उभी राहिले आणि वाटेत फोनवर लिहून ठेवलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “सोमवार,” मावशी म्हणाली. “मंगळवेढा. सकाळी.”

दादाचा घास थांबला. “हे कसं काय?”

“फ्लॅश केला.”

“अगं, अक्कल आहे का तुला?” तो ओरडला. “वॉरंटी गेली! कोण कुठल्या अनोळखी माणसाने बनवलेलं सॉफ्टवेअर आहे ते. असा कसा विश्वास ठेवलास?”

चोर तो चोर, वर शिरजोर. मला हसूच आलं.

“अनोळखी माणसावर ठेवला,” मी म्हटलं. “ओळखीच्या माणसाने काय केलं ते बघून झालं होतं. पिन कुणी टाकला रे दादा?”

आईच्या हातातला डाव पातेल्याला लागून वाजला.

“शाळेत जाऊन सगळ्या पोरांना वाचवून आलास. टाळ्या घेतल्यास. आणि बहिणीच्या वेळी पिन टाकलास?”

“तुला तिथे काही झालं असतं तर?” दादाचा आवाज आता सर्व्हिस सेंटरचा नव्हता. “परकं गाव. एकटी. रात्री-अपरात्री कुणाला हाक मारशील? फोन बिघडला की जाणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं. वर्षभर थांबली असतीस, काय बिघडलं असतं? मी वाचलं असतं सगळं. काळजी वाटते गं मला तुझी.”

“काळजी?” मी म्हटलं. “माझं तोंड शिवलंस आणि वर काळजी म्हणतोस? सरांसमोर माझी शोभा झाली तेव्हा हसत होतास. पोटात दुखत होतं तुझ्या, मला तुझी गरज उरली नाही म्हणून. तू वाचायचास तेव्हा मी तुझी बहीण होते. मावशी वाचायला लागली तशी मी तुला जड झाले.”

“वृषे, त्याला वाईट बोलू नको,” आई हळूच म्हणाली. “तो तुझ्या भल्यासाठीच...”

तेव्हा कळलं की आईलाही माहीत होतं. आदल्या दिवशी आतून हसणारी आईसुद्धा. खोलीत गेले आणि बॅग भरली.

सोमवारची वाट बघितली नाही. शनिवारीच एस.टी.त बसले. दादा बॅग उचलायला पुढे आला, मी त्याला हात लावू दिला नाही. स्टँडवर रझिया आली होती. तिने वाहकाला एवढ्या धमक्या दिल्या की तो बिचारा प्रत्येक थांब्याला मला गावाचं नाव सांगत होता. बिराजदार सरांना मी वाटेतूनच लिहिलं: ‘सकाळी शाळेत वेळेवर हजर राहीन. मधल्या चुकांबद्दल माफ करा, फोनला ळ येत नव्हता, आता आला आहे.’ सरांचं उत्तर मावशीने वाचलं, “मुळे मॅडम, ळ घेऊन या.”

याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून त्याच शाळेत आहे. माझ्या वर्गात ळचा ल करणाऱ्याची धडगत नसते. कंपनीने पुढे कधीतरी अधिकृत मराठी आवाज दिला. चांगला आहे, गोड आहे, ळसुद्धा म्हणतो. माझा नवा फोन कंपनीच्याच अपडेटवर चालतो, आणि मावशीही आता त्यावर चालावी अशी तजवीज पुण्याच्या कुणी पोरांनी केली आहे. भाभीजीलाही मी काढून टाकलेलं नाही. पडद्यावर दोन बोटं फिरवली की आवाज बदलतो.

दादा दर रविवारी एक निरोप पाठवतो. दोनच शब्दांचा, नेहमी तोच. तो आला की मी मावशीला गप्प करते. त्यातला पहिला शब्द मावशीने त्याच्यासाठी उच्चारावा असं मला वाटत नाही. मी भाभीजीला पुढे करते आणि बोट टेकवते.

“कालजी घे,” भाभीजी म्हणते.

“बरोबर वाचलंस, बाई,” मी म्हणते, आणि फोन बाजूला ठेवते.